उन्हात राहिलेला टब: तंगुसाच्या एका पागजाळ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

एक काका आणि त्यांचा पुतण्या मिळून एकच पागजाळे वापरतात. पागजाळे म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे: मधोमध शेंडा, त्याला ओढायची हातदोरी आणि घेराला शिशाच्या गोळ्या. त्यांची नावे आणि ठिकाण इथे गाळले आहे. काकांचा हात जुना. त्यांची बहुतेक वर्षे पिळाच्या नायलॉनचे जाळे फेकण्यात गेली. पुतण्याच्या आग्रहावरून घरात तंगुसाचे जाळे आले आणि पहिल्याच हंगामात दोघांनाही ते आवडले. तंगूस म्हणजे एकच अखंड तंतू. त्याला पीळ नसल्याने चिखल आत शिरत नाही. जाळे पाण्यात कमी दिसते, झपकन तळाला जाते आणि बाहेर काढल्यावर लवकर निथळते. अवगुण एकच, पण मोठा: तंगूस ज्या आकारात पडून राहील तो आकार धरून बसतो.

जाळ्याची त्रिज्या अडीच मीटर, म्हणजे घेर साधारण पावणेसोळा मीटर. घेराच्या दोरीत सगळे मिळून पाच किलोच्या आसपास शिसे ओवलेले. रचना खिशांची होती. म्हणजे शिशाची दोरी ठरावीक अंतरावर आतल्या बाजूने वर बांधून खालच्या काठाला खिसे केलेले आणि हातदोरी सरळ शेंड्याला जोडलेली. काही जाळ्यांत शेंड्याच्या कडीतून आत ओढदोऱ्या सोडलेल्या असतात आणि ओढताना भार त्या दोऱ्यांवर येतो. या जाळ्यात तसे नव्हते. शिसे, मासे, चिखल, सगळे वजन शेवटी शेंड्याजवळच्या मोजक्या आसांवर, म्हणजे जाळ्याच्या डोळ्यांवर, येत होते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी दोघे खाडीवरून अंधार पडताना परतले. जाळे एका पांढुरक्या, अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या टबात ठेवले गेले. आधी शिसे, त्यावर जाळे, सगळ्यात वर शेंडा आणि हातदोरी. हा क्रम बरोबर होता. शिसे खाली राहिले की गोळ्या आसांतून खाली घुसत नाहीत आणि पुढच्या वेळी शेंडा धरून जाळे सरळ वर निघते. मग झाकण घट्ट दाबले गेले. पुतण्याला वाटले, काका उद्या धुतील. काकांना वाटले, पोराने तिकडेच धुऊन आणले असेल. टब गच्चीच्या कडेला राहिला. तिथे दिवसाचा बराच वेळ थेट ऊन पडायचे.

अडचण

चार महिन्यांनी झाकण उघडले तेव्हा वास आला तो सडलेल्या खेकड्याचा. खिशांत खवले, शिंपल्यांचे तुकडे, वाळका चिखल आणि एक पूर्ण खेकडा अडकून राहिला होता. हातदोरीवर काळपट ठिपके पडले होते. शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी चढली होती. जाळे हातात घेतले तर ते घडीच्याच आकारात ताठ उभे राहिले. वरच्या घड्यांचा तंगूस दुधाळ, निस्तेज दिसत होता.

तरीही दोघांनी ते तसेच नेऊन एकदा फेकून पाहिले. जाळे अर्धचंद्रासारखे उघडले, एक बाजू दुमडलेलीच राहिली. ओढताना शेंड्याच्या कडीखाली फटफट आवाज झाला आणि आसांची एक पूर्ण ओळ तुटली.

काकांचा निकाल तिथेच लागला. "अरे, तंगुसाला खारं पाणी सोसत नाही. मी आधीच म्हटलं होतं. हे गेलं." पुतण्याने उपाय वाचून ठेवला होता. "काका, टाकू नका. व्हिनेगरने गोळ्या साफ करू आणि कपडे मऊ करायच्या द्रावणात जाळं भिजवून ठेवू. मऊ होतं म्हणतात."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण हाच होता. एक जण जाळे टाकून द्यायला निघाला होता, दुसरा औषध द्यायला. जाळ्याला नेमके झाले काय, हे दोघांपैकी कोणीच पाहिले नव्हते. आणि पुतण्याच्या दोन उपायांपैकी एक तर उघड घातक होता.

तपासणी: कडक म्हणजे नेमके काय

कडकपणाची कारणे तीन असू शकतात आणि तिन्हींचा इलाज वेगळा.

पहिले कारण घाण. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर वाळला की तंतूवर आणि गाठींत चिकट पापुद्रा धरतो. त्यात मिठाचे खडे अडकतात. मीठ नायलॉनला रासायनिकदृष्ट्या खात नाही. त्या अर्थाने काकांचे म्हणणे बरोबर नव्हते. पण खडे गाठीत बसून तंतूला घासतात, शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून दोरी कायम दमट ठेवते.

दुसरे कारण बाक. नायलॉन पाणी पितो, हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. तंगूस ज्या नायलॉन ६ चा असतो, तो पूर्ण भिजला की स्वतःच्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषतो. भिजलेला नायलॉन नरम असतो, कोरडा ताठ असतो. म्हणून जाळे ज्या आकारात वाळते तो आकार धरते. ओले केस अंबाड्यात बांधून वाळवले की त्यांना तोच बाक राहतो, तसेच. यात नुकसान काहीच होत नाही. पुन्हा भिजवून, सरळ टांगून वाळवले की बाक जातो.

तिसरे कारण ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण नायलॉनच्या लांब साखळ्या तोडतात. हवेतला ऑक्सिजन त्या कामाला हातभार लावतो. सुरुवात पृष्ठभागापासून होते. चमक जाते, तंतू दुधाळ किंवा खडूसारखा होतो, मग ठिसूळ. हे नुकसान परत भरून येत नाही. कोणतेही द्रावण तुटलेली साखळी जोडत नाही.

नुसत्या हाताला तिन्ही प्रकार सारखेच कडक लागतात. म्हणून आधी वेगळे करायला हवेत. इथे जाळ्याच्या दुरुस्तीची माहिती असलेल्या एका तिसऱ्या माणसाने मध्ये पडून सुचवलेली चाचणी अगदी साधी होती. जाळ्याच्या तीन ठिकाणांहून धाग्याचे तुकडे घ्यायचे: शेंड्याजवळून, मधून आणि शिशाच्या वरून. फाटलेल्या आसांमुळे शेंड्याचे तुकडे आयतेच मिळाले. बाकी दोन जागी एकेक आस कापावी लागली. तिन्ही तुकडे साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचे. सकाळी प्रत्येकाला एक गाठ मारून मासे तोलायच्या स्प्रिंग काट्याला अडकवून ओढायचे. गाठ मारायची कारण तंगूस बहुधा गाठीतच तुटतो आणि जाळे म्हणजे हजारो गाठीच.

भिजवणे हा या चाचणीचा गाभा आहे. वाळका नायलॉन धडधाकट असला तरी ताठ लागतो आणि माणूस फसतो. भिजल्यावर जो तुकडा नरम झाला तो फक्त वाळलेला किंवा वाकलेला होता. भिजूनही जो कडाडून तुटला तो संपला.

मधला आणि खालचा तुकडा सकाळी लवचीक झाले होते, दोघांनी जवळपास सारखाच भार सोसला. शेंड्याचा तुकडा त्यांच्या निम्म्या भारालाही टिकला नाही. टबात शेंडा सगळ्यात वर होता आणि ऊन वरूनच येत होते, याचा अर्थ आता लागला. जाळ्याचा जो भाग सगळे वजन पेलतो तोच चार महिने उन्हात होता. खालचे जाळे वरच्या घड्यांच्या सावलीत वाचले होते.

म्हणजे अख्खे जाळे गेले नव्हते. वरचा साधारण अर्धा मीटर गेला होता, बाकीचे घाण आणि वाकलेले होते. काकांनी ते तुकडे स्वतः ओढून पाहिले आणि मग म्हणाले, "ठीक. वरचं कापू. पण खालचं मी धुतल्याशिवाय हातात घेणार नाही."

शिशावरची पांढरी भुकटी

याबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण बहुतेक जण ती मीठ समजून झटकतात. या जाळ्यावर थोडे मीठ होतेच, पण भुकटीचा बराचसा भाग पाण्यात विरघळेना. ती शिशाची गंज होती. पूर्वी रंगासाठी सफेदा बनवायची एक पद्धत अशी होती की शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून सगळे शेणात गाडायचे. आम्लाची वाफ, शेण कुजताना तयार होणारी ऊब आणि कार्बन डायऑक्साइड, यांनी शिशावर पांढरा थर चढायचा. घट्ट झाकणाच्या टबात ओले शिसे आणि सडणारा खेकडा कोंडला की याच्याशी मिळतीजुळती परिस्थिती तयार होते. संग्रहालयांत शिशाच्या वस्तू ओकच्या लाकडी कपाटात ठेवत नाहीत त्याचेही कारण हेच: त्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते.

आता पुतण्याचा व्हिनेगर. व्हिनेगरमध्ये ॲसिटिक आम्ल असते. ते शिशावर घातले की पांढरा थर निघतो, हे खरे. पण तो निघतो म्हणजे पाण्यात विरघळणारे शिशाचे ॲसिटेट होऊन निघतो. ते विषारी आहे आणि भुकटीपेक्षा सहज अंगात जाते. उरलेले शिसेही उघडे पडून पुन्हा गंजायला मोकळे होते. हा पर्याय पहिल्याच फेरीत बाद झाला आणि तसा तो व्हायलाच हवा होता.

या निमित्ताने काकांची एक सवय समोर आली. फेकण्याआधी ते घेराची दोरी दातांत धरत. पागजाळे फेकणारे असंख्य लोक असेच करतात. दोन्ही हातांत जाळे विभागून घेतले की तिसरी पकड तोंडाचीच उरते. पण त्या दोरीवर शिशाची भुकटी असताना ती तोंडात धरणे म्हणजे ती गिळणे. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि लहान मुलांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. घरात लहान मुले होती आणि टब उघडल्यावर ती त्याभोवतीच घुटमळत होती.

कोणते पर्याय तोलले

धुण्यासाठी चार गोष्टी चर्चेत होत्या. व्हिनेगर गेले. कपड्यांचे डाग घालवणारे ब्लीचिंगचे द्रावण वास मारते म्हणून सुचवले गेले, तेही नाकारले; क्लोरीनयुक्त ब्लीच नायलॉनला पिवळे पाडते आणि कमजोर करते. उरले साधे पाणी आणि सौम्य साबण. पाणी गरम की गार यावर थोडा वाद झाला. काकांना कढत पाणी हवे होते. पण माशाचा थर म्हणजे प्रथिन. कढत पाण्याने ते शिजून तंतूला आणखी घट्ट चिकटते. म्हणून आधी गार पाणी, घाण गेल्यावर बाक काढायला हाताला सोसेल इतके कोमट, असे ठरले.

कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाबद्दल माझे मत मध्यम आहे. त्यातले घटक तंतूवर पातळ थर धरतात, त्यामुळे तंगूस तंगुसावरून सहज घसरतो आणि जाळे हातातून सुटताना मोकळे सुटते. हा फायदा खरा आहे, पण थोडा काळ टिकतो; पुढच्या काही फेकींत थर धुऊन जातो. आणि हेच घटक जलचरांना घातक असतात, तेव्हा ते पाणी खाडीत किंवा तळ्यात ओतायचे नाही आणि जाळे खळखळून धुतल्याशिवाय पाण्यात टाकायचे नाही. मुख्य म्हणजे जो तंतू उन्हाने ठिसूळ झाला तो या द्रावणाने हाताला मऊ लागेल आणि ऐन ओढीत तुटेल. तपासणीआधी द्रावणात भिजवले असते तर शेंड्याचा दोष झाकला गेला असता. म्हणून ते शेवटी, हवे असेल तरच, असे ठरले. शेवटी त्याची गरज पडली नाही.

शेंड्यासाठी तीन वाटा होत्या. नवे जाळे घ्यायचे. किंवा वरचा अर्धा मीटर कापून खालचे आस नव्या कडीला गोळा करून बांधायचे. किंवा तेवढा भाग नव्याने विणायचा. दुसरी वाट सोपी वाटते, पण पागजाळे शेंड्यापासून घेराकडे आस वाढवत विणलेले असते. अर्धा मीटर खालचे आस संख्येने बरेच जास्त असतात. ते सगळे एका कडीत कोंबले की तिथे बोचके होते, जाळे नीट उघडत नाही आणि त्रिज्या कमी होते ती वेगळीच. तिसऱ्या वाटेत विणकाम होते, पण शेंड्याकडे आसच मोजके असल्याने ते काम वाटते त्यापेक्षा कमी. काकांना विणता येत होते. त्यावरच निर्णय झाला. विणणारे कोणी नसते तर मी दुसरी वाट सुचवली नसती. तयार शेंडा जोडता येतो का ते आधी पाहायला सांगितले असते.

काय केले

टब उघड्यावर नेला, मुलांना लांब ठेवले. दोघांनी रबरी हातमोजे घातले. पहिला नियम: भुकटी कोरडी घासायची नाही, कारण ती उडून नाकातोंडात जाते. आधी सगळे जाळे गार पाण्यात बुडवले, मग खिसे एकेक करून उलटे केले. हे काम सगळ्यात जास्त वेळ खाणारे आणि सगळ्यात जास्त टाळले जाणारे. वरून पाइपने कितीही पाणी मारले तरी खिशाच्या बांधलेल्या कोपऱ्यातला चिखल आणि खवले हलत नाहीत. बोट घालून कोपरा मोकळा करावा लागतो, शिंपल्याचा तुकडा दिसला की ओढायचा नाही, आस रुंद करून सोडवायचा. ओढला की त्याची धार तंतू कापते.

पाणी दोनदा बदलल्यावर थोडा सौम्य साबण टाकून जाळे पाण्यात वरखाली हलवले. ब्रश फक्त शिशाच्या दोरीवर वापरला, तोही मऊ आणि पाण्याखाली. तंगुसाला ब्रश लावला नाही. काही गोळ्यांवर ओरखडे आणि खड्डे पडले होते, दोन चिरल्या होत्या. चिरलेल्या गोळीची धार तंतूला कापते म्हणून त्या काढून नव्या घातल्या. गोळ्या ओवलेली दोरी पिळाची असल्याने तिच्यात ओल सगळ्यात जास्त काळ राहिली होती. एका टप्प्यात तिची बांधणी नखाने सुटत होती. तेवढी बांधणी बदलली. हातदोरीची फिरती कडी गंजून अडकली होती, तीही बदलली. कडी फिरली नाही तर दोरीचा पीळ जाळ्यात उतरतो.

धुतलेले पहिले पाणी भाजीच्या वाफ्यात, विहिरीजवळ किंवा वाहत्या पाण्यात ओतले नाही. भुकटी तळाशी बसू दिली. तो गाळ आणि काढलेल्या गोळ्या बंद डब्यात वेगळ्या ठेवल्या, धोकादायक कचऱ्यात द्यायला. हातमोजे काढल्यावर साबणाने हात धुतले, कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले नाहीत.

मग बाक काढायचे काम. जाळे कोमट पाण्यात काही तास ठेवले आणि ओले असतानाच सावलीत टांगले. शेंडा कमजोर असल्याने नेहमीसारखे कडीने टांगता येत नव्हते. कमजोर भागाच्या खाली जाळे एकत्र धरून त्याला रुंद कापडी पट्टा बांधला आणि पट्टा आडव्या बांबूला अडकवला. पातळ दोरी किंवा खिळा वापरला असता तर त्या एका रेषेवर पाच किलो शिसे लटकले असते. शिशाची दोरी जमिनीला जेमतेम टेकेल इतकी उंची ठेवली. घड्या हाताने मोकळ्या करून, खिसे बाहेर काढून ठेवले. तंगूस लवकर वाळला; शिशाची दोरी आणि हातदोरी आतून वाळायला दुसरा दिवस लागला. पुतण्या पहिल्याच संध्याकाळी म्हणाला, "काका, वाळलं, काढू?" काकांनी शिशाची दोरी कपड्यात दाबून दाखवली, कपडा ओला झाला.

वाळल्यावर शेंडा कापला. नवा भाग त्याच जाडीच्या तंगुसाने, त्याच मापाच्या आसाने, सुई आणि पट्टी घेऊन विणला. इथे पिळाच्या धाग्याची सवय आड आली. साधी जाळ्याची गाठ तंगुसात घसरते. कारखान्यातल्या जाळ्यात गाठी ताणून उष्णतेने बसवलेल्या असतात, हातात ती सोय नाही. म्हणून दुहेरी वेढ्याची गाठ घेतली आणि प्रत्येक गाठ ओली करून सावकाश ओढली. कोरडी झटक्यात ओढली की घर्षणाने तापून तंतू तिथेच कमजोर होतो.

साठवणीचा निर्णय

धुण्यापेक्षा यावर जास्त बोलणे झाले आणि ते योग्यच होते. टांगून ठेवायचे की भांड्यात? टांगले तर बाक धरत नाही, पण जागा काळोखी हवी, आणि खिशांच्या जाळ्यात सगळे शिसे महिनोन्महिने शेंड्याला लटकत राहते. लाकडी पेटी काकांना पसंत होती. पण लाकडाची वाफ शिशाला मानवत नाही आणि पेटीच्या फटीतून उंदीर शिरतो. माशाचा वास राहिलेले जाळे उंदराला बोलावतेच, आणि एका रात्रीत तो जे करतो ते चार महिन्यांचे ऊनही करत नाही.

शेवटी गडद रंगाची, रुंद तोंडाची बादली निवडली. तळाला आणि झाकणाला बारीक भोके पाडून त्यावर धातूची बारीक जाळी लावली, म्हणजे हवा खेळते आणि उंदीर अडतो. शिसे गोल बसवून, त्यावर जाळे न दाबता सैल सोडून, वर शेंडा आणि मोठ्या वेटोळ्यांत हातदोरी. जागा घराच्या आत, काळोख्या कोपऱ्यात. रॉकेल, रंग, बॅटरी यांच्यापासून दूर. बॅटरीतले आम्ल नायलॉनला जाळते आणि तिची गळती वेळेवर दिसत नाही. बादली मुलांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवली.

आणि कोणी धुवायचे ते ठरले. ज्याने शेवटची फेक केली तो धुणार आणि वाळेपर्यंत बादलीला झाकण लागणार नाही. झाकण उघडे म्हणजे काम बाकी, हे दोघांनाही न विचारता कळते.

निष्पत्ती

भिजवून पुन्हा नेल्यावर जाळे जवळजवळ पूर्ण गोल उघडले. एका बाजूला थोडा बाक राहिला होता, तो पुढच्या काही वापरांत गेला. वास गेला. शिशावर फिकट करडा, घट्ट थर राहिला. तो तसाच ठेवला, कारण तो खालच्या धातूला राखतो आणि हाताला भुकटी लागत नाही.

मात्र महिन्याभराने नव्या-जुन्या जोडाखाली दोन आस तुटले. शेंडा कापताना तंतू दुधाळ दिसतो तिथपर्यंतच कापले होते. त्याखालच्या ओळींनाही थोडे ऊन लागले होते, पण त्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होत्या. तीन ओळी आणखी कापून जोड पुन्हा करावा लागला. त्यानंतर जाळे टिकले.

काकांनी दोरी दातांत धरणे सोडले. खांद्यावर आणि कोपरावर जाळे विभागून फेकायची रीत त्यांना जमायला वेळ लागला आणि सुरुवातीला फेक लहान पडायची. पुतण्याने मधल्या काळात दातांत धरायच्या जागी कापडाची गुंडाळी बांधून दिली होती. माझ्या मते तो अर्धा उपाय होता, कारण कापड भुकटी धरून ठेवते. काकांनी रीतच बदलली हे बरे झाले.

वेगळे काय करता आले असते

टब उघडल्यावर जाळे सरळ पाण्यात नेऊन फेकले ही घाई नडली. शेंडा तसाही जाणार होता, पण तुटताना त्याने खालच्या काही चांगल्या आसांनाही ताण दिला. आधी दोन धागे तोडून पाहिले असते तर काम अर्ध्या दिवसाने कमी झाले असते. जाळे दुसऱ्या पाण्यात न्यायचे असते तर आणखी एक कारण होते: ओल्या, चिखलाच्या खिशांतून गोगलगाईंची अंडी, वनस्पतींचे तुकडे, माशांचे रोग एका पाण्यातून दुसऱ्यात जातात. धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय जाळे दुसऱ्या तळ्यात उतरवू नये, हे खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यांना लागू.

कापण्याची रेषा डोळ्यांवर न सोडता काट्यावर ठरवायला हवी होती. शेंड्याकडून घेराकडे दर काही ओळींनी एक तुकडा घेऊन, भिजवून, ओढून पाहायचा आणि जिथे सलग दोन तुकडे पूर्ण भार सोसतात तिथून कापायचे. एवढ्या चाचणीने दुसरी दुरुस्ती वाचली असती.

शेवटच्या दिवशी पंधरा मिनिटे दिली असती तर यातले बहुतेक काही घडले नसते. पण अंधारात, थकून परतलेल्या माणसाकडून पूर्ण धुण्याची अपेक्षा मी ठेवणार नाही. त्या रात्री किमान तीन गोष्टी जमल्या असत्या: खिसे उलटून झटकणे, एक बादली गोड्या पाण्यात बुडवून काढणे आणि झाकण न लावता टब घरात ठेवणे. उरलेले दुसऱ्या दिवशी चालले असते.

गोळ्या बदलताना सगळेच शिसे काढून लोखंड किंवा पितळ घालायचा विचार झाला होता. लोखंड आणि पितळ दोन्ही शिशापेक्षा हलके. तेवढ्याच वजनाला गोळ्या मोठ्या लागतात, बुडण्याचा वेग आणि फेकीचा हात दोन्ही बदलतात, आणि लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते. या वेळी तो विचार बाजूला राहिला. घरातली मुले पाहता मी तो आत्ताच करायला सांगितला असता, निदान पितळासाठी.

कापलेल्या शेंड्याचे काय करायचे हा प्रश्न कामाच्या शेवटी उरला. ठिसूळ झाला तरी तो तंगूसच. पाण्यात पडला तर वर्षानुवर्षे मासे, कासवे, पक्षी अडकवत राहतो. पुतण्याने कात्रीने प्रत्येक आस उघडी कापली, म्हणजे कुठेही बंद फास उरला नाही, आणि तुकडे पिशवीत बांधून कचऱ्यात दिले. जाळल्यावर नायलॉनमधून विषारी वायू निघतात, म्हणून काकांनी पेटवलेली काडी त्याने विझवायला लावली.